रिकामी ओळ

दुसरी वही गेली तेव्हा मी कुणावरही ओरडले नाही. ओरडल्याने राग हलका होतो, आणि तो हलका व्हावा अशी माझी इच्छा नव्हती. तो मला कामासाठी लागणार होता.

वह्या एका सुईणीच्या, एकूण चौदा. सव्वाशे वर्षांपूर्वी तिने चाळीस वर्षे बाळंतपणे केली आणि प्रत्येक जन्माची एक ओळ, स्वतःच घडवलेल्या खुणांच्या लिपीत, लिहून ठेवली. पानाच्या तळाशी त्या पानाची बेरीज. तिच्या शाईने कागद आतून खाऊन टाकला होता. वह्या आमच्या संशोधनसंस्थेत आल्या त्याच दिवशी कागदाच्या जाणकाराने सांगितले, की प्रत्येक पान आता एकदाच उघडता येईल, छायाचित्र काढण्यापुरते. तसेच झाले. छायाचित्रकार एकेका वहीला तीन आठवडे घेई; पान उघडे, त्याची प्रतिमा निघे आणि मिटताना त्याचा भुगा होई. तो भुगा आज चौदा पाकिटांत आहे. वह्या म्हणाव्यात अशा आता त्या प्रतिमाच, आणि त्या संस्थेच्या तळघरातल्या सर्व्हरवर.

पहिली वही मी आठ महिने खपून वाचली आणि छापली. तिला जोडलेली एक तळटीप इथे उतरवून ठेवते, कारण तिच्याकडे मला परत यायचे आहे: ‘पानाखालच्या बेरजा अनेकदा नोंदींशी जुळत नाहीत, मधूनमधून ओळीही कोऱ्या सुटल्या आहेत. लेखिकेचे गणित कच्चे व अवधान विस्कळीत असावे.’ जुन्या लेखनाचा शुद्ध पाठ ठरवण्याचे जे आमचे शास्त्र आहे, त्यात अशा तळटिपा लिहिणाऱ्याला विद्वान म्हणतात.

पहिली वही वाचून पूर्ण झाली म्हणून कायमच्या भांडारात गेली. तिथल्या प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवल्या जातात. उरलेल्या तेरा अपूर्ण होत्या, आणि अपूर्ण कामाला तिथे प्रवेश नाही. ते तात्पुरत्या भांडारात राहते, आणि तात्पुरत्या भांडाराची प्रत होत नाही. जे वाचून झाले ते जपायचे आणि जे अजून वाचायचे आहे ते वाऱ्यावर सोडायचे, ही कल्पना एका माणसाला सुचली असती तर आपण त्याला मूर्ख म्हटले असते. ती समितीला सुचली, म्हणून तिला धोरण म्हणतात.

या वर्षी नवा सर्व्हर आला. त्याच्याबरोबर पार्श्वभूमीत चालणाऱ्या चाळीसएक सेवा आल्या. कुणी न सांगता आपापल्या वेळी उठून, न दिसता काम उरकणारे अदृश्य कर्मचारीच म्हणा. त्यांतल्या एकीचे नाव सफाई. दर रविवारी सकाळी सहा वाजता ती उठे आणि तात्पुरत्या भांडारात दाखल होऊन तीनशे पासष्ट दिवस उलटलेले सगळे पुसून टाके. ज्या संस्थेत एक वही वाचायला आठ महिने लागतात आणि तेरा वह्या बाकी आहेत, तिथे तीनशे पासष्ट हा आकडा आला कुठून, हे शोधायला मी खरेदी समितीची सगळी इतिवृत्ते चाळली. तो कुणी ठरवलेलाच नव्हता. तो कंपनीच्या मूळ फाईलमध्ये होता. कुणी बदलला नाही, एवढेच.

एका सोमवारी मी दुसऱ्या वहीचे सत्तेचाळिसावे पान उघडायला गेले आणि तिथे काहीच नव्हते.

आमच्या संगणक विभागात एकच माणूस आहे. त्याच्या खोलीच्या भिंतीवर एक मोठा पडदा आहे आणि त्यावर प्रत्येक सेवेचा एक बारीक दिवा. कसलीही तक्रार घेऊन गेले तरी तो आधी त्या पडद्याकडे बघतो, म्हणून सारी संस्था त्याला हिरवा दिवा म्हणते. तोंडावरही म्हणते. तो हसतो.

“सगळं हिरवं आहे, बाई,” तो म्हणाला. “सफाई बंद पडली असती तर लाल दिसलं असतं. बघा ना, चोख चाललीय.”

“चोख चालली म्हणूनच माझी वही गेली ना?”

त्याने मान कलती करून विचार केला. “हो. त्या दृष्टीने बघितलं तर हो.”

“दुसरी कुठली दृष्टी आहे?”

त्यावर त्याने पडद्याकडे पाहिले. मग खुर्ची ओढून माझ्यादेखत सफाईची फाईल उघडली, तिच्यातली रविवारची वेळ खोडली, वर्षअखेरीची घातली आणि हात झटकले. “झालं. आता निश्चिंत राहा.”

तीन आठवड्यांनी तिसरी वही गेली.

या वेळी तो पडद्याकडे न पाहता थेट फाईल उघडून बसला. फाईलमध्ये पुन्हा रविवारच होता. मधल्या गुरुवारी कंपनीची अपडेट आली होती आणि तिने सगळ्या मूळ फाईली नव्याने आणून ठेवल्या होत्या. त्याचे अक्षर त्याखाली पुसले गेले होते.

“असं याआधीही होत होतं?” मी विचारले.

“होतं कधीकधी. मग मी परत लिहितो.”

“दर वेळी?”

“लक्षात राहिलं तर.”

हस्तलिखितांच्या संस्थेत एक माणूस मूळ पोथीवर खाडाखोड करतो, दर महिन्याला कुणीतरी ती पोथी उचलून नवी कोरी आणून ठेवते, आणि भिंतीवर हिरवे दिवे लागलेले असतात. मी उठले. खोलीत परत येऊन एक कागद घेतला आणि त्याच्या नावाने तक्रारीची कलमे लिहायला बसले. अकरा झाली. बाराव्याला जागा ठेवली.

चौथ्या वहीचे तीनशे पासष्ट दिवस पुढच्या तिसऱ्या शनिवारी भरत होते. त्यानंतरच्या सकाळी सहा वाजता तिची तीनशे बारा पाने जाणार होती, आणि पुढे दर तीन आठवड्यांनी एकेक वही, शेवटचीपर्यंत. माझ्याकडे अठरा दिवस होते.

त्याच दुपारी मी संचालकांसमोर होते. संचालक मृदू बोलतात. त्यांच्या मृदुपणाचा अंगाला बसलेला चटका दुसऱ्या दिवशी समजतो.

“प्रतिमा दुसरीकडे हलवता येणार नाहीत, मॅडम. वह्या ज्यांनी दिल्या त्या कुटुंबाशी करार आहे, या सर्व्हरबाहेर काही जाणार नाही. प्रतिमेची साधी छापील प्रतसुद्धा नाही; तुम्ही वाचलेला मजकूर तेवढा छापता येतो.”

“मग इथल्या इथेच नव्याने दाखल करून घ्या. दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातील.”

“घेऊ की. दाखल करताना मूळ वही समोर ठेवावी लागते.”

“मूळ वहीचा भुगा झालाय. पाकिटात आहे.”

“मला कल्पना आहे,” ते खरोखरच दुःखाने म्हणाले. “पण फॉर्मवर ‘पाकीट’ असा रकाना नाही.”

“मग सफाई बंद करा.”

“बंद नाही करता येणार. तात्पुरतं भांडार सगळ्या विभागांचं आहे, ते भरून वाहील. तिच्या वेळेत बदल करता येईल. बदल चालतो. बंद चालत नाही.”

हा भेद त्यांनी कुठल्याशा जुन्या न्यायग्रंथातून आणला असावा इतका सूक्ष्म होता. मी तो माझ्या टिपणवहीत उतरवला आणि त्याखाली त्यांची सही घेतली.

माझी भाची एका मोठ्या रुग्णालयाचे सर्व्हर सांभाळते. लहानपणी ती माझ्या पुस्तकांच्या समासात चित्रे काढीत असे आणि मी तिला मारीत असे. आता ती माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझ्याच पेन्सिलीने माझ्याच पाकिटाच्या पाठीवर रेघोट्या ओढीत होती.

“मावशी, मूळ फाईलला हात लावायचाच नसतो गं. ती कंपनीची. तिच्या शेजारी त्याच नावाचा एक कप्पा करायचा आणि त्यात आपली छोटीशी पुरवणी ठेवायची. जे बदलायचंय तेवढंच तिच्यात लिहायचं. सिस्टीम आधी मूळ वाचते, मग पुरवणी वाचते, आणि पुरवणीत जे असेल ते वरचढ.”

“आणि अपडेट आली की?”

“मूळ बदलेल. पुरवणीला कुणी शिवत नाही.”

मी चहा खाली ठेवला. “म्हणजे मूळ संहिता तशीच ठेवायची, आणि दुरुस्ती समासात.”

“हो. तू मला ज्याच्यासाठी मारायचीस, ते.”

“तू समासात बदकं काढायचीस.”

“ती दुरुस्तीच होती. पुस्तक फार कंटाळवाणं होतं.”

मी हसले. एका रागावलेल्या माणसाला अनपेक्षित ठिकाणी आपल्या शास्त्राचा मान राखलेला दिसावा, तसे झाले. आमच्या क्षेत्रातली जी पहिली शिस्त आमच्याच संस्थेने गुंडाळून ठेवली होती, ती या यंत्रे बनवणाऱ्यांनी जपली होती. तीही कसलीही परिषद न भरवता. भाचीने निघताना विचारले, “मी येऊन करून देऊ?” मी नको म्हटले. एकदा नीट समजावलेली गोष्ट दुसऱ्याकडून करून घेणे मला जमत नाही.

सर्व्हरला बाहेरचा हात लागण्यासाठी चार सह्या लागत होत्या. एक सही करणारा रजेवर होता. मी त्याच्या घरी गेले. दुसऱ्याने ‘पुरवणी’ म्हणजे काय असे लेखी विचारले. मी लेखी सांगितले. तिसऱ्याने सांगितले की पाठचिकित्सकाला सर्व्हरचा अधिकार दिल्याचे पूर्वोदाहरण नाही. मी त्याच्या दाराबाहेरच्या बाकावर सुईणीच्या खुणांची सूची घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्याला बाकाचा कंटाळा आला. चौथे संचालक स्वतः. परवानगी मिळाली: ‘सफाई सेवेच्या वेळेत एक बदल.’ शुक्रवार होता; चौथ्या वहीच्या रविवाराला दोन दिवस उरले होते.

तळघरातल्या त्या खोलीत थंडी असते आणि यंत्रांचा एकसुरी आवाज. हिरव्या दिव्याने मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला.

“बाई, लिहून झालं की मी एकदा नजर टाकू?”

“तुम्ही दिव्यांवर नजर ठेवा,” मी म्हणाले. “तेवढं जमतं तुम्हाला.”

तो एक पाऊल मागे सरला. मी सफाईच्या वेळापत्रकाच्या शेजारी कप्पा केला, त्यात पुरवणी उघडली, आणि जेवढे बदलायचे तेवढेच लिहिले: वेळ, वर्षाचा शेवटचा दिवस, सकाळी सहा. जतन केले. सिस्टीमला सगळे पुन्हा वाचायला लावले. मग मूळ आणि पुरवणी एकाखाली एक दाखवणारी आज्ञा दिली, कारण तपासल्याशिवाय मी उठत नाही. पडद्यावर वर कंपनीची ओळ होती: दर रविवारी, सहा. तिच्याखाली माझी: वर्षअखेर, सहा. जुना पाठ न खोडता जागच्या जागी, आणि त्याखाली सुधारलेला. मी तीस वर्षे जसे पान तयार करीत आले तसेच पान. मी ते समाधानाने पाहिले, एवढेच नव्हे, तर हिरव्या दिव्याला दाखवलेही.

“असं असतं,” मी म्हणाले.

“छान दिसतंय,” तो म्हणाला. भिंतीवर दिवा हिरवाच होता.

शनिवारी जेवून मी आडवी झाले होते. महिनाभरात पहिल्यांदाच. तेवढ्यात भाचीचा फोन आला.

“झालं का गं काम?”

“कालच. अगदी स्वच्छ.”

“शाब्बास मावशी! आधी रिकामी ओळ घातलीस ना?”

“कसली रिकामी ओळ?”

पलीकडे ती चालत असावी. तिची पावले थांबल्याचे मला ऐकू आले.

“मावशी, पुढची वेळ काय दाखवतेय? पुढच्या फेरीची?”

“ती मी नाही पाहिली.”

“मग काय पाहिलंस?”

“पाठ पाहिला.”

“पाठ!” ती कळवळून म्हणाली. “अगं, बहुतेक ठिकाणी नंतरचं लिहिलेलं आधीच्याला मोडीत काढतं, खरंय. पण वेळा ही यादी असते. यादीत भर पडते. तू वर्षअखेर लिहिलंस, ते रविवारच्या जागी नाही गेलं, रविवारच्या जोडीला गेलं. आता दोन्ही वेळा चालणार. जुनी काढायची तर तीच ओळ आधी रिकामी लिहायची, पुढे काहीही नाही, आणि मग त्याखाली नवी. रिकामी ओळ म्हणजे ‘आजवरचं सगळं रद्द’. मी सांगितलं नाही का? सवयीनं हातातून जातं गं, बोलायचं राहून गेलं.”

“तुझी चूक नाही,” मी म्हणाले, आणि ते खरे होते. ही चूक फक्त माझ्यासारखाच माणूस करू शकला असता. आम्ही जुना पाठ खोडत नाही. शेजारी नवा मांडतो आणि दोन्ही जिवंत ठेवतो. त्यालाच आम्ही प्रामाणिकपणा म्हणतो. यंत्रानेही माझा प्रामाणिकपणा अक्षरशः मानला होता. उद्या सकाळी सहाला ते दोन्ही पाठांचा आदर करणार होते.

संस्था शनिवारी दुपारी बंद असते. तळघराची किल्ली एकाकडेच.

हिरवा दिवा संस्थेमागच्याच चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो हे मला चौकीदाराला विचारावे लागले; वीस वर्षे त्याच्याबरोबर एका इमारतीत काम करून ठाऊक नव्हते. दार उघडेच होते. गॅलरीत एका म्हाताऱ्या गृहस्थांचा पाय मांडीवर घेऊन तो त्यांची नखे काढीत होता. खाली वर्तमानपत्र पसरलेले.

“कोण आहे रे?” वडिलांनी मोठ्याने विचारले.

“ऑफिसातल्या बाई, बाबा.”

“तुला झापतात त्या?”

“त्याच.”

“बसायला दे मग. उभ्याने झापलं की जास्त लागतं.”

मी बसले नाही. जे झाले ते चार वाक्यांत सांगितले, आणि मग पाचवे: “काल तुम्ही नजर टाकतो म्हणालात, मी टाकू दिली नाही.”

त्याला आता काही म्हणता आले असते. त्याने बोटाच्या चिमटीत धरलेली करंगळी पाहिली, म्हणाला, “दोन नखं राहिलीत, बाई. एक मिनिट.” आणि ती पुरी काढली, कागद गुंडाळला, हात धुतले, किल्ली घेतली.

वाटेत तो म्हणाला, “टाकली असती तरी मला कळलं नसतं. मलाही ठाऊक नाही ही रिकामी ओळ.”

“पुरवणीचा कप्पा तरी ठाऊक होता?”

“नाही. मला कुणी शिकवलंच नाही. आधीचा माणूस गेला, त्याच्या जागी मला बसवलं, मी तेव्हा आवक-जावक बघायचो. त्याने जाताना एवढंच सांगितलं, दिवे हिरवे असले की घरी जायचं.” मग म्हणाला, “तुम्ही काल आज्ञा देत होतात, ती मी हातावर लिहून घेतली.”

त्याने तळवा दाखवला. निम्मी शाई धुतली गेली होती.

तळघराशी पोचल्यावर मात्र तो किल्ली हातात धरून अडला. “परवानगी एका बदलाची आहे. तो काल झाला. आजचा दुसरा धरतील.”

माझी सगळी विद्वत्ता त्या क्षणी निरुपयोगी होती. मी फक्त त्याच्याकडे पाहिले. तो स्वतःशी विचार करीत होता, कलत्या मानेने, वही गेली त्या सोमवारी केला होता तसाच.

“पण रिकामी ओळ,” तो सावकाश म्हणाला, “म्हणजे काही लिहिलेलंच नाही. जे लिहिलं नाही त्याला बदल कसं म्हणतील?”

संचालकांच्या भेदाहून हा भेद मला पुष्कळच सरस वाटला. मी तसे सांगितले. त्याने कुलूप उघडले.

या वेळी खुर्चीवर तो बसला. मी सांगत गेले, त्याने लिहिले: वेळ, आणि पुढे काहीही नाही. त्याखाली कालचीच ओळ. जतन, पुनर्वाचन. मग भाचीने सांगितलेली यादी मागवली, प्रत्येक सेवेची पुढची फेरी दाखवणारी. सफाईच्या समोर वर्षाचा शेवटचा दिवस होता. एकच. मी ती ओळ तीनदा वाचली, तो दोनदा.

“आणखी एक,” मी म्हणाले. “त्या ओळीच्या डोक्यावर टीप घाला. टीप यंत्र वाचत नाही, माणसासाठी असते.” मी सांगितली तशी त्याने उतरवली: ‘खालची ओळ रिकामी आहे. ती चुकून सुटलेली नाही. कुणी भरू नये, कुणी काढू नये.’

रविवारी सकाळी पावणेसहाला आम्ही दोघेही तिथे होतो. त्याने डब्यातून आणलेली बिस्किटे मधे ठेवली होती. कुणी खाल्ली नाहीत. पडद्यावर चौथ्या वहीचा आकडा होता: तीनशे बारा. सहा वाजले. सहा वाजून एक मिनिट. तीनशे बारा. सव्वासहापर्यंत आम्ही बसलो, आणि मग त्याने बिस्किटाचा पुडा माझ्याकडे सरकवला.

“दिवा हिरवा आहे, बाई,” तो म्हणाला.

“तो तर दुसरी वही गेली तेव्हाही होता.”

“म्हणूनच आज मी आकड्याकडे बघत होतो.”

सोमवारी मी चौथी वही उघडली, आणि मला जे दिसले ते शनिवारशिवाय दिसले नसते.

पहिल्याच पानावर सतरा जन्म नोंदले होते. मध्ये दोन ओळी कोऱ्या. पानाखाली बेरीज: पंधरा. पुढच्या पानावर नोंदी एकवीस, कोऱ्या ओळी तीन, बेरीज अठरा. तिसरे पान. चौथे. मी उठून खिडकी लावली, परत बसले, आणि पहिल्या वहीची छापील प्रत न घेता कायमच्या भांडारातून तिच्या मूळ प्रतिमा काढल्या. कारण छापताना कोऱ्या ओळी मी गाळल्या होत्या. ज्यात काही नाही ते कशाला छापायचे? दोनशे सहा पाने. दोन दिवस लागले. प्रत्येक कोरी ओळ तिच्या वरची नोंद रद्द करते असे धरले, की दोनशे एक पानांवर बेरीज अचूक जुळत होती. उरलेल्या पाचांवर शाईने कागद खाल्ला आहे.

तिचे गणित कच्चे नव्हते. अवधान तर मुळीच विस्कळीत नव्हते. तिची शाई पुसली जाणारी नव्हती, आणि लिहिलेला जन्म खोडायचा तिचा विचारही नसावा. म्हणून तिने त्याच्याखाली एक ओळ रिकामी सोडली आणि बेरीज करताना ती मानली. ते मूल जगले नाही, की ती नोंद दुसऱ्या कुणाची निघाली, ते खुणा सांगत नाहीत. मी अंदाज करणार नाही. अंदाज करून मी एकदा तळटीप लिहिलेली आहे, आणि ती चारशे ग्रंथालयांत आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वहीत अशा किती ओळी होत्या, हे आता कुणालाही कळणार नाही.

बुधवारी मी अकरा कलमांचा तो कागद काढला. वरचे नाव खोडले. या एका ठिकाणी खोडणे मला मान्य आहे. तिथे समितीचे नाव घातले. पहिल्या कलमाच्या वर नवे कलम लिहिले: ‘दि. मागील शुक्रवार रोजी सफाई सेवेच्या पुरवणीत अधोस्वाक्षरीकर्तीने स्वतः चूक केली. ती संगणक विभागाच्या साहाय्याने दुरुस्त झाली.’ बाराव्याची जागा राहिली होती, तिथे लिहिले: ‘सदर विभागातील कर्मचाऱ्यास वीस वर्षांत कोणतेही प्रशिक्षण दिलेले नाही. का?’ मग कागद घेऊन संचालकांकडे गेले.

त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी घातली. मी त्यांना पहिल्या वहीबद्दल सांगितले: तळटीप चूक आहे, कोऱ्या ओळी पुन्हा घालाव्या लागतील, सारी आवृत्ती नव्याने करावी लागेल.

“म्हणजे,” ते हळुवार आवाजात म्हणाले, “पहिली वही पूर्ण झालेली नाही, असं तुम्ही स्वतःच म्हणताय.”

“हो.”

“विचार करा, मॅडम. अपूर्ण म्हटलं की ती कायमच्या भांडारातून निघेल. प्रती पुसल्या जातील. तात्पुरत्यात जाईल. तळटीप राहू दिली तर वही सुरक्षित आहे.”

बाहेर कुणीतरी जिना उतरत होते. मला क्षणभर तीस वर्षांच्या सगळ्या तळटिपा आठवल्या, सुरक्षित भांडारात तीन-तीन प्रतींत ठेवलेल्या.

“पाठवा तात्पुरत्यात,” मी म्हणाले. “तिथली सफाई वर्षअखेरीला आहे. त्याच्या आत मला दुसरा बदल हवा आहे: अपूर्ण कामाच्याही तीन प्रती. त्यासाठी चार सह्या लागतील हे मला माहीत आहे.”

अर्ज मी सोबतच आणला होता. तो त्यांच्यासमोर ठेवला, आणि त्यांच्या दाराबाहेर बाक आहे का ते पाहून घेतले.